हंडा भरायला लागणारा वेळ

पहिला दिवस : वाळणकोंड आणि महाड

कोकणातल्या पाण्याचा अभ्यास करायचा तर पावसाळ्यात जावे, असे आमच्या महाविद्यालयातील बहुतेकांचे मत होते. आम्ही मात्र मुद्दाम मे महिन्याचा मधला आठवडा निवडला. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या पट्टीत मार्च सरता सरता विहिरी तळ दाखवू लागतात. असे का होते ते पाणी आटलेल्या दिवसांतच नीट दिसते. मी पर्यावरणशास्त्र शिकवते. बरोबर दोन संशोधक विद्यार्थी होते, आणि जीपच्या मागच्या भागात क्षारमापक, पीएच मीटर, रसायनांची पेटी, दोऱ्यांची वेटोळी, काचेच्या झाकणबंद बाटल्या आणि दहा लिटरची जस्ताची एक जुनी बादली असा संसार होता.

महाडजवळ बिरवाडीच्या पुढे काळ नदीच्या पात्रात वाळणकोंड आहे. कोंड म्हणजे नदीतला असा खोल डोह, की जो उन्हाळ्यात प्रवाह तुटला तरी आटत नाही. येथे वरदायिनी देवीचे ठाणे आहे आणि देवीचे म्हणून या डोहातील मासे कोणी मारत नाही. पाण्यात मूठभर चुरमुरे पडले की आधी बोटाएवढी पिल्ले येतात, मग हातभर लांबीचे मासे, आणि शेवटी तांबूस-सोनेरी खवल्यांचे मोठे धूड संथपणे वर येते. हा महासीर, शास्त्रीय नाव टॉर खुद्री. मासे ठरलेल्या क्रमानेच वर येतात अशी श्रद्धा आहे. मोठा मासा अधिक सावध असतो आणि उशिरा वर येतो, एवढेच स्पष्टीकरण माझ्या विद्यार्थ्याने दिले आणि लगेच देवळाकडे पाहून तो गप्प बसला.

डोहाच्या खालच्या अंगाला, मंदिराच्या हद्दीबाहेर, आम्ही विरघळलेल्या प्राणवायूसाठी पाण्याचा नमुना घेतला. मीटर हाताशी असूनही ही चाचणी मी विद्यार्थ्यांकडून बाटलीतच करवून घेते, कारण त्यात प्राणवायू डोळ्यांना दिसतो. बाटलीत बुडबुडा राहू न देता पाणी भरायचे, मँगेनीजचे द्रावण आणि मग अल्कधर्मी आयोडाइड सोडायचे. पाण्यात प्राणवायू असेल तर चहाच्या गाळासारखा तपकिरी साका हळूहळू तळाशी बसतो. नसेल तर तो पांढराच राहतो. आमचा साका चांगला गडद होता. आम्ल घातल्यावर तो विरघळून पाणी पिवळे झाले, स्टार्चने गर्द निळे, आणि थायोसल्फेटच्या थेंबाथेंबाने ते निवळत गेले. शेवटच्या एका थेंबासरशी निळा रंग नाहीसा होतो, तो थेंब मोजायचा. उरलेले रसायन कॅनमध्ये भरून आम्ही बरोबर घेतले. देवाच्या डोहाकाठी ते ओतून निघणे मला प्रशस्त वाटले नाही.

देवाच्या नावाने राखलेले हे डोह आपल्याकडील गोड्या पाण्यातील माशांची सर्वांत जुनी अभयारण्ये आहेत, यात शंका नाही. पण श्रद्धेने डोह राखला जातो, नदी राखली जात नाही. महासीर पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि गोट्या-वाळूच्या उथळ पात्रात अंडी घालतो. त्याची वर जायची वाट बंधाऱ्यांनी अडली, किंवा वरची वाळू उपसली गेली, तर डोहातील मोठे मासे वर्षानुवर्षे दिसत राहतील आणि तरी वंश आतून खुंटत जाईल. याच जातीची पैदास लोणावळ्याजवळ वळवण येथे १९७० च्या दशकापासून केली जाते आणि त्या पिल्लांनी अनेक जलाशय भरले. मात्र ती कावेरीत सोडली गेल्यावर तिथल्या मूळच्या, आज अतिसंकटग्रस्त असलेल्या महासीराला हा पाहुणा भारी पडला. संवर्धन म्हणून मासे सोडण्यापूर्वी ते कोणत्या नदीचे आहेत एवढे तरी विचारले पाहिजे.

परतताना महाडमध्ये चवदार तळ्यावर थांबलो. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत हा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव १९२३ सालचा, तळे खुले केल्याचा नगरपालिकेचा निर्णय १९२४ चा, आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तेथे सत्याग्रह करावा लागला. उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडले. जलव्यवस्थापन शिकवताना मी साठवण, उपसा आणि वितरण असे तीन भाग फळ्यावर लिहिते. पाणी आहे आणि ते घेऊ दिले जात नाही ही गोष्ट त्या तिन्हींत कुठेच बसत नाही, हे तिथल्या पायऱ्यांवर उभे राहिल्यावर प्रकर्षाने जाणवले.

दुसरा दिवस : चिपळूण

सकाळी कशेडी घाट ओलांडून चिपळुणात उतरलो. मे महिन्यात कोकणातील नद्या पाहत आलेल्या माणसाला वाशिष्ठी चकित करते, कारण ती वाहत असते. हे पाणी तिचे नव्हे. कोयना ही कृष्णेची उपनदी, म्हणजे तिचे पाणी पूर्वेकडे बंगालच्या उपसागराला जायचे. ते सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवून पोफळी आणि अलोरे येथे वीज केली जाते, आणि जनित्रांतून बाहेर पडलेले हे पाणी पुढे वाशिष्ठीत येऊन दाभोळच्या खाडीवाटे अरबी समुद्राला मिळते. त्याला इकडे ‘अवजल’ म्हणतात. कृष्णा पाणीतंटा लवादाने या पश्चिमेकडील वळवणीला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे, म्हणजे सुमारे १९० कोटी घनमीटर. एवढे गोडे पाणी ज्या खोऱ्यातून समुद्राला जाते, त्याच खोऱ्याच्या वरच्या वाड्यांत याच महिन्यात टँकर फिरतात.

संशोधनाच्या दृष्टीने अवजलाची अडचण वेगळीच आहे. नदीची पातळी ऋतूवर नव्हे, तर विजेच्या मागणीवर हलते. दुपारी आम्ही पात्रातील एका खडकावर बाटल्यांची पेटी ठेवून आडव्या छेदाची मापे घेत होतो. मी हे सगळे वर्गात शिकवत असूनही पेटी काठावर ठेवायला विसरले होते. पाणी आवाज न करता चढले आणि सहा नमुने, लेबलांची वही आणि माझी एक चप्पल खाली निघून गेली. चप्पल एका भोईदादांनी काढून दिली. नमुने परत घेता आले, पण दिवसाचे वेळापत्रक कोलमडले ते कोलमडलेच.

संध्याकाळी गोवळकोटच्या धक्क्यावर, जिथे भरतीचे पाणी पोहोचते, आम्ही वरचे आणि तळाचे पाणी वेगवेगळे काढले. वरचे गोडे, तळाचे खारट. खारे पाणी जड असल्याने पाचरीसारखे खालून शिरते आणि गोडे त्यावरून सरकत जाते. पलीकडच्या काठावर मगर पहुडली होती, त्यामुळे तळाचा नमुना दोरी बांधलेल्या बाटलीने, धक्क्यावरूनच घेतला. गावात घरांच्या भिंतींवर २२ जुलै २०२१ च्या पुराच्या खुणा अजून कुठे कुठे दिसतात. त्याविषयी इतके बोलले गेले आहे की मी वेगळे काही लिहीत नाही. मात्र एकाच गावाला जुलैत बुडवणारी आणि मेमध्ये उसन्या पाण्यावर वाहणारी नदी एकाच आलेखात मांडणे किती कठीण आहे, ते त्या रात्री वही घेऊन बसल्यावर कळले.

तिसरा दिवस : संगमेश्वर तालुक्यातील एक वाडी

या दौऱ्याचा खरा हेतू झरे मोजण्याचा होता आणि त्यासाठी आधीपासून एका वाडीशी बोलणे झाले होते. वाडीचे नाव लिहीत नाही. एकतीस उंबरे, एक नळयोजना जिच्या तोट्या घरोघर आहेत आणि ज्यांतून मार्चनंतर फक्त हवा येते, आणि वाडीच्या वर देवरहाटीच्या, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानाच्या, कडेला दगडी पन्हळीतून पडणारा एक झरा.

वर जाताना विद्यार्थिनीने नकाशावर एक गोष्ट दाखवली. आसपासच्या चारही वाड्या जवळपास एकाच उंचीवर, डोंगराला कंबरपट्टा बांधावा तशा वसल्या होत्या. हा योगायोग नव्हे. माथ्यावर सडा आहे, म्हणजे जांभ्याचा सपाट थर. जांभा मधमाशीच्या पोळ्यासारखा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यात मुरते. त्याखाली मऊ, पांढरट-पिवळ्या चिकणमातीचा थर असतो आणि तिच्याखाली काळा कातळ. पाणी चिकणमातीपर्यंत उतरते, तिथे अडते, आडवे सरकते आणि जिथे डोंगराचा उतार हा सांधा उघडा पाडतो तिथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. जुन्या लोकांनी वाड्या या सांध्याच्या खालोखाल वसवल्या. भूजलाचा नकाशा त्यांनी घरे बांधून काढला, असे म्हटले तरी चालेल.

पन्हळीखाली बादली ठेवून स्टॉपवॉच सुरू केले. झऱ्याचे मोजमाप इतके साधे असते की विद्यार्थ्यांना ते संशोधन वाटतच नाही. तीन वेळा भरली. सरासरी ३ मिनिटे २० सेकंद. म्हणजे मिनिटाला ३ लिटर, दिवसाला ४३२० लिटर. जलजीवन मिशनचे माणशी रोज ५५ लिटरचे माप लावले तर ७८ माणसांचे पाणी. वाडीत एरवी सव्वाशे माणसे असतात, आणि मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी पोराबाळांसह आले की तो आकडा दुपटीच्या घरात जातो. झरा वर्षातला सर्वांत बारीक असतो तेव्हाच वाडी सर्वांत भरलेली असते. कोकणच्या पाण्याची ही कोंडी पर्जन्यमापकात कधीच दिसत नाही.

वाडीतल्या एक वहिनी मघापासून कमरेवर हंडा घेऊन आमचे चालले होते ते पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “बाई, तुमचं घड्याळ खरं, पण आमालाबी ठावं हाय. शिमग्याला हंडा लावला की उभं ऱ्हायाचं, भरतोच. आता हंडा लावून खालचे कपडे धुवून होतात.” मी त्यांचे वाक्य जसेच्या तसे वहीत उतरवून घेतले, कारण त्यात माझ्या आलेखाचे दोन्ही अक्ष होते. पावसाळा संपल्यापासून झरा कोणत्या वेगाने बारीक होत जातो, यावरून डोंगराच्या पोटात किती पाणी साठते आणि ते किती घट्ट धरून ठेवले जाते हे कळते. त्यासाठी एकच अट असते, की मोजणी नेमाने व्हावी. वर्षातून एकदा मे महिन्यात येऊन आम्ही घेतलेला आकडा हा त्या वाटेवरचा एक दगड आहे, वाट नव्हे. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत घेते. विहिरींना ते पुरते. मार्च आणि मे यांच्या मधल्या दिवसांत रोज थोडा थोडा बारीक होणाऱ्या झऱ्याला पुरत नाही.

“मग पंधरा दिवसांनी तुम्हीच मोजाल का?” असे मी विचारले. वहिनींनी क्षणभर बादलीकडे पाहिले. “आणि त्या आकड्याचं आमी काय करायचं?” हा प्रश्न अगदी रास्त होता आणि माझ्याकडे त्याचे तयार उत्तर नव्हते. मी म्हटले की निदान टाकी किती मोठी हवी ते ठरेल. रात्री कोणी भरत नाही तेव्हा झऱ्याचे निम्मे पाणी पन्हळीखालून ओढ्यात जाते. पिकअवर, म्हणजे सकाळ-संध्याकाळची झुंबड, आणि रात्रीचा प्रवाह यांचा हिशेब घातला तर दोन हजार लिटरची साठवणसुद्धा पुष्कळ काम करील. हे त्यांना पटले. पंधरवड्याचा हिशेब मात्र त्यांनी स्वतःच ठरवला : “आमोशा आणि पुनव. तारीख ध्यानात नाय ऱ्हायची.”

टाकीचा विषय निघताच एक आजोबा आम्हाला चाळीस पावले बाजूला घेऊन गेले. तिथे काँक्रीटचा एक कोरडा हौद उभा होता. काही वर्षांपूर्वी कोणत्याशा योजनेत झऱ्याच्या तोंडावरच तो बांधायला घेतला, पायासाठी पहार खोल गेली, चिकणमातीचा थर फुटला आणि झरा तिथून नाहीसा झाला. दोन पावसाळ्यांनी तो आज पन्हळ आहे तिथे उगवला, पहिल्यापेक्षा बारीक. ज्या थराने पाणी अडवून धरले आहे तोच फोडून वर हौद बांधणे, ही चूक मी याआधीही दोन ठिकाणी पाहिली आहे. झऱ्याला हौद हवा असेल तर तो खाली, थोडा लांब बांधावा आणि झऱ्याच्या तोंडाला हात लावू नये. वरच्या सड्यावर जिथे पाणी मुरते तिथे चिरेखाण, म्हणजे जांभ्याचे चिरे काढण्याची खाण, निघू देऊ नये, हे त्याहून महत्त्वाचे. पण सडा वेगळ्या गावाच्या हद्दीत, वेगळ्या मालकाच्या सातबाऱ्यावर असतो आणि झरा पिणारे लोक तिसऱ्याच ठिकाणी.

निघताना आमची बादली मी वाडीत ठेवली. जीपमध्ये चढवता-उतरवताना तिच्या बुडाजवळ एक पोचा आला होता, तो त्या वेळी माझ्या लक्षात आला नाही.

चौथा दिवस : पूर्णगडजवळचे एक गाव

डोंगरावरून थेट पुळणीवर आलो. मुचकुंदीच्या खाडीच्या तोंडाजवळ, समुद्र आणि टेकडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत नारळी-पोफळीची आगरे आहेत आणि प्रत्येक आगरात विहीर. समुद्रापासून शंभर-दीडशे पावलांवर गोडे पाणी मिळते याचे लोकांना नवल वाटते. कारण साधे आहे : गोडे पाणी हलके असते आणि खाऱ्या पाण्यावर तरंगते. डच अभियंता बाडोन गायबेन आणि त्यानंतर जर्मनीतील हर्झबर्ग यांनी मांडलेल्या नियमानुसार गोड्या भूजलाची पातळी समुद्रसपाटीहून एक मीटर वर असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी असते. नियम जितका दिलासा देणारा तितकाच घाबरवणारा आहे, कारण उपशाने वरची पातळी अर्ध्या मीटरने उतरली की खालची खारी सीमा वीस मीटर वर येते. जांभा आणि कातळ यांच्या भेगांत हे प्रमाण काटेकोर लागू पडत नाही, पण दिशा तीच राहते.

तीन विहिरींत आम्ही क्षारमापकाची तार वरपासून तळापर्यंत सोडली. टेकडीच्या पायथ्याची विहीर वर-खाली सारखीच गोडी होती. मधल्या आगरातील विहीर वर चांगली, पण तळाच्या हातभर भागात काटा एकदम उसळला. समुद्राजवळच्या विहिरीत विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण वरच्याच पाण्यात लिटरला दोन हजार मिलिग्रॅमच्या पुढे गेले; पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार ५०० पर्यंतचे पाणी चांगले आणि दुसरा उपाय नसेल तर २००० पर्यंतचे चालवून घ्यायचे. आगराचे मालक, वयाने सत्तरीच्या पुढचे काका, आमच्या यंत्राकडे न पाहता ओंजळभर पाणी तोंडात फिरवून थुंकले आणि म्हणाले, “मचूळ. दहा वर्षांपूर्वी मी याच पाण्याचा चहा घेत होतो.”

दहा वर्षांत काय बदलले, असे विचारल्यावर त्यांनी विहिरीच्या काठावरचे लाकडी खांब दाखवले. तिथे पूर्वी रहाट होता. बैल गोल फिरायचा, लोटे एकामागून एक वर यायचे, पाणी पाटाने आगरात जायचे आणि बैल दमला की शिंपणे थांबायचे. आता तीन अश्वशक्तीचा पंप आहे. तो तासाभरात विहीर उपसतो, आणि पाण्याची पातळी एकदम खाली गेली की तिच्या बरोबर खालचे खारे पाणी उलट्या नरसाळ्यासारखे वर ओढले जाते. एकूण उपसा तेवढाच राहिला तरी तो सावकाश झाला की विहीर गोडी राहते. झपाट्याने झाला की खारी होते. रहाटाची कुरकुर आणि बैलाचा दम यांत आपसूक एक जलनीती होती, ती आम्ही रहाटाबरोबर विकून टाकली. मी रहाट परत आणा असे म्हणणार नाही. बैल आता कोण पोसणार? छोटा पंप, थांबून थांबून उपसा, आणि पाणी वरच्या थरातून ओढणारा तरंगता फूटव्हॉल्व्ह, एवढे बदल करून पाहण्याजोगे आहेत. काकांनी शेवटचा उपाय करतो म्हटले, पहिल्या दोहोंविषयी ते बोलले नाहीत.

इथेही मोजणीचा नेम लावून द्यावा म्हणून मी अमावस्या-पौर्णिमेचे सुचवले, आणि काकांच्या नातवाने, जो मासेमारीला जातो, मला थांबवले. अमावस्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण असते. नेहमी त्याच दिवशी मोजले तर विहिरीची सर्वांत खारी अवस्थाच वहीत येईल. अष्टमीला भांगाची भरती असते, पाणी फार चढत-उतरत नाही. तेव्हाही मोजायला हवे. डोंगरावर जो नेम बिनचूक होता तोच पुळणीवर चुकीचा ठरला असता, आणि ही दुरुस्ती मला संशोधनपद्धतीच्या कोणत्याही व्याख्यानात मिळाली नसती. त्या दिवशी अष्टमीच होती, म्हणून पहिला आकडा भांगाचा पडला.

पाचवा दिवस : राजापूरचा सडा

राजापूर तालुक्यातील सड्यावर चालताना पायाखाली तापलेला तवा असल्यासारखे वाटते. बारसू आणि देवाचे गोठणे परिसरातील कातळशिल्पे पाहिली. कोकणातील ही कातळशिल्पे २०२२ पासून जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत आणि त्यामुळे सड्यांकडे आता थोडे तरी लक्ष जाते. पण महसुली कागदावर सडा म्हणजे अजून पडीक जमीनच. पावसाळ्यात याच कातळावर खळग्याखळग्यांत पाणी साचते, सीतेची आसवे आणि गेंद फुलतात, बेडूक अंडी घालतात. आणि याच पडीक जमिनीतून मुरलेले पाणी खालच्या वाड्यांना सात-आठ महिने पुरते. एका बंद चिरेखाणीत अजून कमरेइतके हिरवट पाणी होते. गुरे तिथे पितात, म्हणून खाणमालक तिला तळे म्हणतो. चिरे काढताना मुरण्याचा थरच उचलून नेला, उरलेला खड्डा तळे ठरला. उन्हाळ्यात एखाद्या वाडीच्या दृष्टीने तो उपयोगाचा असेलही, तरी हा व्यवहार मला तोट्याचा वाटतो. उन्हाळे येथील, अधूनमधूनच प्रकट होणाऱ्या गंगेची चौदा कुंडे वाटेत होती. ती कोरडी होती, आम्ही नमस्कार करून पुढे निघालो.

सहावा दिवस : धामापूर

मालवण तालुक्यातील धामापूरचा तलाव पाहून उन्हाचा सगळा शीण उतरला. दोन टेकड्यांच्या मधली खिंड मातीच्या बांधाने अडवून १५३० साली हा तलाव बांधला गेला, त्याचे श्रेय विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांना दिले जाते. काठावर भगवतीचे देऊळ आणि पाण्यापर्यंत उतरणाऱ्या जांभ्याच्या पायऱ्या. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत त्याचा समावेश केला.

पाच शतके मातीचा बांध टिकतो तो केवळ चांगला बांधला म्हणून नव्हे. बांधावर उगवलेले झाड वेळीच काढणे, सांडवा मोकळा ठेवणे, खाली भाताला पाणी सोडण्याची पाळी ठरवणे ही कामे दर वर्षी कोणीतरी करत आले असले पाहिजे. लग्नासाठी देवीला परडीत कौल लावला की तलावातून दागिने वर येत, आणि कोणी ते परत केले नाहीत तेव्हापासून ते येणे बंद झाले, अशी एक कथा इथे सांगतात. गाभा काढला तर ही उसनवारीचे नियम सांगणारी कथा आहे : घ्या, वापरा, परत ठेवा.

पायरीवर बसून विद्यार्थ्याने मोजपट्टीला बांधलेली पांढरी-काळी तबकडी पाण्यात सोडली. ती दिसेनाशी होते ती खोली म्हणजे पाण्याची नितळता. दुसऱ्या पायरीवर कपडे धुणाऱ्या बाईंच्या साबणाचा पांढरा ओघळ मंदपणे आमच्या तबकडीपर्यंत आला. तिथे उभे राहून फॉस्फेटविषयी काही बोलावे असे वाटले. पण गावात नळाला पाणी किती वेळ येते ते आधी विचारावे, असे ठरवले. एक तास, दिवसाआड. मग काही बोलले नाही. नमुना मात्र दोन ठिकाणचा घेतला, धुण्याच्या पायऱ्यांजवळचा आणि पलीकडच्या रानाकडचा.

मूळ बेतात आंबोली होते. हिरण्यकेशीच्या उगमाशी, देवळाच्या कुंडात, २०२० मध्ये शिस्टुरा हिरण्यकेशी ही बोटाएवढीही नसलेल्या रंगीत माशाची नवी जात नोंदवली गेली आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाली. एका झऱ्याच्या कुंडापुरते ज्याचे जग आहे असा मासा पाहायची फार इच्छा होती. पण घाटात गाडी तापू लागली आणि परतीचा एक दिवस वाडीसाठी राखायचा होता. आंबोली राहिले.

सातवा दिवस : पुन्हा वाडी

महामार्गाच्या कधी न संपणाऱ्या कामांतून वाट काढत दुपारी संगमेश्वरला पोहोचलो. वहिनींनी पुनवेची वाट पाहिली नव्हती. बचतगटाच्या जुन्या वहीच्या मागल्या पानावर त्यांच्या मुलीने दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या : वार, वेळ, आणि बादली भरायला लागलेली मिनिटे. कालच्या नोंदीत ३ मिनिटे ३१ सेकंद होते.

तीन दिवसांत अकरा सेकंद. माझ्या विद्यार्थ्याने लगेच झरा दिवसाला किती उतरला ते काढायला घेतले. वहिनी म्हणाल्या, “आदी बादली बघा.” त्यांनी ती उलटी करून बुडाजवळचा पोचा दाखवला आणि आम्ही गेल्यावर तो दिसल्याने मुलाने आतून लाकडी ठोकळ्याने ठोकून बाहेर काढल्याचे सांगितले. म्हणजे तिसऱ्या दिवशीची आमची बादली दहा लिटरची नव्हतीच. पोच्याने कमी पाणी मावत होते, म्हणून ती लवकर भरली. झरा उतरला की बादली वाढली?

दुकानातून एक लिटरचे माप आणले आणि बादलीत पाणी मोजून ओतले. आता पूर्ण दहा लिटर मावत होते. मग मुलाने त्याच ठोकळ्याने पोचा पुन्हा तेवढाच आत ढकलण्याचा प्रयत्न केला, सगळ्यांनी मिळून तो साधारण पूर्वीसारखा केला, आणि माप पुन्हा ओतले. साडेनऊ लिटरच्या किंचित वर पाणी काठाला लागले. हिशेब मांडला तेव्हा अकरांतील नऊ-दहा सेकंद पोच्याचे निघाले आणि उरलेले एक-दोन सेकंद झऱ्याचे किंवा आमच्या बोटांचे.

तिसऱ्या दिवसाच्या माझ्या वहीतील ३ मिनिटे २० सेकंदांवर मी रेघ ओढली आणि शेजारी ‘बादलीला पोचा’ असे लिहिले. दिवसाचे ४३२० लिटरही त्याबरोबर ४१०० च्या आसपास आले, आणि ७८ माणसांची ७५ झाली. पोचा परत ठोकून काढल्यावर बादलीच्या आत दहा लिटरच्या रेषेवर मुलीने नेलपेंटने लाल खूण केली. पुढचा आकडा आता पौर्णिमेचा पडेल, तोही सकाळी पहाटेची भरणी उरकल्यावर, असे वाडीने ठरवले आहे.